पान सतरावरचा बगळा

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि तिला त्याचं फारसं वाईटही वाटलं नव्हतं. रुमाल विसरेल, घराची किल्ली विसरेल, पण पर्समधली सहा इंची स्टीलची पट्टी ती कधी विसरली नाही. सरोवरावर प्रवाशांच्या आणि मालाच्या बोटी चालवणाऱ्या संस्थेत ती सव्वीस वर्षं नोकरीला होती. आधी तिकिटांच्या छपाईकडे, मग वेळापत्रकांकडे, आणि शेवटची दोन वर्षं एकाच कामावर. संस्थेचं चिन्ह आणि रंग कुठे, कसे वापरायचे, याची नियमावली करायची होती.

चिन्ह म्हणजे निळ्यावर पांढरा बगळा, पंख पसरून डावीकडे निघालेला. पन्नासेक वर्षं तो ज्याच्या त्याच्या हातून निघत आला होता आणि त्याचे हाल कुत्रं खात नव्हतं. तिकिटावर तो बदकासारखा दिसे, कॅन्टीनच्या कपांवर मोडक्या छत्रीसारखा, आणि रजेच्या अर्जावर, नकलेची नक्कल काढून काढून, नुसता डाग उरला होता. मोजपट्टीनं सगळ्यात जुना कागद शोधून त्यावरचा बगळा पुन्हा काढला. मानेचा बाक, चोचीची लांबी, पंखाचं टोक, सगळं मोजून. मग एकेक नियम लिहिला. बगळ्याभोवती त्याच्या डोक्याएवढी जागा चारी बाजूंनी मोकळी ठेवावी. त्याच्या पंखाखाली अक्षरं कोंबू नयेत. त्याला ताणू नये, तिरका करू नये, सावली देऊ नये. निळा कुठला ते दाखवायला एक आख्खं पान निळं.

तिची खोली धक्क्याला लागून होती. दुपारी खिडकीखालच्या पाण्याचा उजेड छतावर हलत राही आणि टेबलावर पसरलेले सगळे बगळे हळूहळू डोलू लागत. अशा वेळी तिला वाटे, आपण पाण्याखाली बसून काम करतोय, आणि वर कुठेतरी बोटी जातायत. ती हातातलं काम थांबवून बघत बसे. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे उशीर झाला तरी चाले.

नियमावली चव्वेचाळीस पानांची झाली. सतराव्या पानावर एकच वाक्य होतं: "चिन्ह कोणत्याही परिस्थितीत उलटे करू नये." म्हणजे बगळ्याचं तोंड डावीकडे, ते नेहमी डावीकडेच. आरशात दिसतो तसा उजवीकडे जाणारा बगळा काढायचा नाही. "कोणत्याही परिस्थितीत" हे दोन शब्द तिनं स्वतःच्या मनानं घातले होते आणि ते तिला आवडायचे.

थंडीच्या सुरुवातीला बोटी रंगवायला काढतात. साहेबांनी तिला नियमावली घेऊन दुरुस्तीच्या आवारात पाठवलं. तिथे अकरा बोटी रुळांवर ओढून ठेवलेल्या होत्या. सगळ्या रंगवणारा माणूस एकच, सत्तरीचा, कानाच्या पाळीवर कायम निळा ठिपका. त्याला सगळे रंगारीकाका म्हणत. काकांनी पुस्तिका हातात घेतली, शेवटापासून पहिल्या पानापर्यंत चाळली, आणि म्हणाले की ऑफिसवाल्यांनी उंटावरून शेळ्या हाकायचं सोडून एक बाई तरी खाली पाठवली, हे बरं झालं.

रंगाच्या बाबतीत तिचंच खरं होतं, आणि ते काकांनीही मानलं. अकरा बोटींवर अकरा निळे होते. दर वर्षी ते गेल्या वर्षीच्या, उन्हानं उडालेल्या रंगाला जुळेल असा नवा रंग मिसळायचे, आणि तो निळा दर वर्षी थोडा थोडा कुठेतरी निघून जायचा. एकीचा जांभळ्याकडे झुकला होता, एकीचा हिरव्याकडे. मोजपट्टीनं रंगाचं कार्ड बोटीला लावून दाखवलं, तसे काका बराच वेळ डोळे बारीक करून उभे राहिले. मग म्हणाले, आपण लहान असताना बोटी ह्याच रंगाच्या होत्या, आपल्याला वाटायचं आपली आठवणच चुकतेय. त्यांनी डबा उघडला, नवा रंग ढवळला. दोघं त्यात बघत राहिली. तळ नसलेल्या पाण्यात बघावं तसं.

मग बगळ्याची गोष्ट आली. आवारात सगळ्या बोटींवर दोन बगळे असत. डाव्या अंगावरचा डावीकडे बघणारा, उजव्या अंगावरचा उजवीकडे. म्हणजे दोघांच्याही चोची बोटीच्या नाकाकडे. मोजपट्टीनं सतरावं पान उघडून दाखवलं.

काकांनी वाचलं. ब्रश पुसत म्हणाले, "बाई, उजवीकडचा बगळा उलटा उडेल."

"चिन्ह उडत नसतं काका," ती म्हणाली. "ते नुसतं असतं."

काकांनी ब्रश रंगात बुडवला. आयुष्यभर कुणी सांगेल तसं रंगवलं होतं, तसंच त्यांनी आताही रंगवलं. पहिल्या दोन बोटी मालाच्या होत्या, त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. तिसरी बेटावर जाणारी. तिच्या दोन्ही अंगांवर बगळ्यांची तोंडं डावीकडे झाली. मोजपट्टीनं पट्टी लावून दोन्ही मोजले. केसाचाही फरक नव्हता.

त्याच आठवड्यात तिला बेटावरून पत्र आलं.

बेटावर तिची थोरली बहीण राहायची, ताई. आठ वर्षांनी मोठी, कपडे शिवायचं दुकान होतं तिचं. दोघींत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण सांगितलं तर ऐकणाऱ्याला हसू येई, म्हणून मोजपट्टी ते कुणाला सांगत नसे. ताईच्या दुकानावर एक पाटी होती, "येथे कपडे शिवून मिळतील". अक्षरं वेडीवाकडी, आणि जागा पुरली नाही म्हणून शेवटचं "तील" पाटीच्या कडेनं खाली उतरलेलं, जिन्यावरून उतरल्यासारखं. मोजपट्टीला ती पाटी बघितली की दाढ दुखल्यासारखं व्हायचं. नऊ वर्षांपूर्वी ताई दहा दिवस गावाला गेली होती. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्या दहा दिवसांत मोजपट्टीनं सुट्टी काढून, स्वतःच्या हातानं पाटी घासून नव्यानं रंगवली. अक्षरं एकसारखी, दोन्हीकडे समान जागा. ताईला खूश करायचं होतं तिला, दुसरं काही नाही. ताई परत आली, रस्त्यात उभी राहून पाटीकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "छान झालीय. पण हे माझं दुकान नाही." मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मोजपट्टी दारासमोर थोडा वेळ थांबली आणि संध्याकाळच्या बोटीनं परत आली. पुढे एकीनं माघार घेतली नाही, दुसरीनं घेतली नाही, आणि बघता बघता नऊ वर्षं झाली.

पत्र दुकानाच्या पावतीबुकातल्या कागदावर होतं. "गुरुवारी सकाळच्या बोटीनं येते. डोळे दाखवायचे आहेत. दुपारी परत." खाली सही नाही, मायना नाही. अक्षरं मात्र पूर्वीपेक्षा मोठी झाली होती, ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. तिनं तो कागद नियमावलीत घालून ठेवला आणि दोन दिवस घर झाडत राहिली.

गुरुवारी तिनं रजा टाकली. सकाळी बटाटे उकडले, वर मिरी घातली, कारण ताईला तसे आवडत. डबा पदराखाली धरून ती साडेआठलाच धक्क्यावर गेली. धुकं इतकं दाट होतं की धक्क्याचं टोक दिसत नव्हतं. थोड्या वेळानं बोटीचा भोंगा ऐकू आला, मग इंजिन, मग निळ्याचा एक मोठा तुकडा धुक्यातून बाहेर आला आणि दोराला लागला. बोटीतून तीन माणसं उतरली. एक मासे विकणारी बाई, एक टोपीवाला म्हातारा, एक शिपाई. त्यांच्यामागे फळी रिकामी राहिली. ती रिकाम्या फळीकडे बघत राहिली, जणू थोडा वेळ दिला तर तिथे कुणीतरी उमटेल.

कप्तानानं वरून विचारलं, मॅडम, कुणाची वाट बघताय का. ती म्हणाली, कुणाची नाही.

डबा तिनं धक्क्यावरच्या बाकावर बसून एकटीनं खाल्ला. बटाटे कोमट झाले होते. रागापेक्षा तिला आपलंच हसू येत होतं. ताईनं पुन्हा विचार बदलला, एवढंच तर झालं होतं. नऊ वर्षं जी आली नाही ती एका गुरुवारी का यावी. दुसऱ्या दिवशी पत्र टाकून विचारावं असं मनात आलं होतं, पण तिनं टाकलं नाही. तिनं यायचं टाळलं, मी विचारायचं टाळते, फिट्टंफाट.

पुढच्या मंगळवारी साहेबांनी तिला बोलावलं. साहेब तसे गरीब स्वभावाचे, पण त्यांना कुठलीही गोष्ट नीट न लागता राहिली की झोप येत नसे. बेटाच्या सकाळच्या बोटीला माणसंच मिळेनात, म्हणाले. पूर्वी पंचवीस-तीस यायची, आता दोन नाहीतर तीन. दुपारची बोट मात्र भरून येते. समोर कप्तान बसला होता. त्यानं सांगितलं की तो वेळेवर जातो, धक्क्याला लागतो, पाच मिनिटं थांबतो, भोंगा देऊन निघतो. वरच्या शेडमध्ये माणसांच्या आकृत्या दिसतात. उभ्या असतात, बोटीकडे बघतात, आणि खाली येत नाहीत.

"जणू आम्ही त्यांना दिसतच नाही," कप्तान म्हणाला. "मला तर वाटायला लागलंय की मीच स्वप्नात बोट चालवतोय."

साहेबांना शंका आली होती ती रंगाची. नवा निळा जुन्याहून फिका होता. धुक्यात तो विरघळून जात असेल, माणसांना बोट दिसतच नसेल. त्यांनी मोजपट्टीला रंगाचं कार्ड घेऊन बेटावर जायला सांगितलं. सकाळी शेडमध्ये उभं राहून आपल्या डोळ्यांनी बघून या, म्हणाले, आणि रंग बदलायचा तर अजून आठ बोटी उरल्यात तोवर सांगा.

त्याच दिवशी दुपारच्या बोटीनं ती बेटावर गेली. संस्थेच्या गोदामावर एक खोली होती, तिथे उतरली. ताईचं दुकान तिथून दहा मिनिटांवर. ती त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, शिवणयंत्राची टकटक ऐकली, ते ताईचंच असेल कशावरून, असं म्हणून परत फिरली.

सकाळी खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हतं. झाड नाही, रस्ता नाही, सरोवर नाही. ती जिना उतरली आणि आवाजाच्या अंदाजानं शेडकडे चालू लागली. धुक्यात आवाज जवळ येतात आणि माणसं लांब जातात. कुणीतरी अगदी कानाशी खोकलं आणि दिसलं वीस पावलांवर. शेड चढावर होती, कारण खाली धक्क्यावर वारा फार. वर्षानुवर्षं लोक शेडमध्ये बसून बोट दिसेपर्यंत वाट बघत आणि दिसली की खाली उतरत. शेडमध्ये दहा-बारा माणसं होती, नीट दिसत नव्हती, नुसते कोट आणि पिशव्या. त्यांचं आपसात दबक्या आवाजात चाललं होतं. बोट हल्ली लवकर यायला लागलीय, एक म्हणत होता, आपण काल अर्धा तास आधी आलो तरी निघूनच चालली होती, आज पाऊण तास आधी आलोय. दुसरा म्हणाला, धक्क्यावर उभे राहणारे म्हणतात बोट वेळेवर येते. त्यावर पहिला म्हणाला, मग आमचे डोळे फुटलेत का.

तिला बाकाच्या टोकाला जागा मिळाली. शेजारी शाल गुंडाळलेली एक बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. मोजपट्टीनं कार्ड हातात घेऊन ठेवलं आणि पाण्याच्या बाजूला बघत बसली. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. सगळंच एका रंगाचं होतं, आणि त्या रंगाला तिच्या चव्वेचाळीस पानांत नाव नव्हतं.

भोंगा झाला. येताना एक भोंगा, निघताना एक, दोन्ही सारखेच. मग इंजिनाचा आवाज, तो चारी बाजूंनी आल्यासारखा. आणि समोर निळा उमटला. तिचा निळा, चांगला ठसठशीत, कुठेही न विरघळलेला. तिला एक क्षण बरं वाटलं. बोटीची दोन्ही टोकं मात्र धुक्यात होती, आणि तशीही ती बोट पुढून-मागून सारखीच, खारकेसारखी. दिसत होतं ते फक्त मधलं निळं अंग आणि त्यावरचा पांढरा बगळा. बगळ्याचं तोंड डावीकडे होतं. डावीकडे शहर. बगळा शहराकडे निघाला होता.

तो शहराकडे निघाला होता आणि तरी मोठा मोठा होत होता. पंख मागे नेत नेत, शेपटीकडून, तो त्यांच्याकडे येत होता, जसं स्वप्नात एखादं माणूस पाठ करून चालतं आणि तरी जवळ येतं. मोजपट्टीनं कार्ड खाली ठेवलं.

शेडमधले लोक उठले होते, ते परत बसू लागले. शेजारची बाई म्हणाली, "गेली. बघा, चोच तिकडे."

तो आवाज ताईचा होता.

मोजपट्टीनं वळून बघितलं. ताई बारीक झाली होती. ती बोटीच्या दिशेला बघत होती, पण तिच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखी दिसत होती. शेजारी कोण बसलंय ते तिला कळलं नव्हतं.

"मला अक्षरं दिसत नाहीत आता," ताई शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावं तसं सांगत होती, "बगळा दिसतो तेवढा. उजवीकडे तोंड असलं की येतेय, डावीकडे असलं की चालली. आमच्या आईनं शिकवलं होतं लहानपणी. गेल्या गुरुवारीही अशीच चुकली. डॉक्टरांची वेळ गेली. बहिणीला कळवलं होतं, ती बिचारी उभी राहिली असेल धक्क्यावर. वाटलं, नाही आपल्या नशिबात."

"ताई," मोजपट्टी म्हणाली, "ती चालली नाही. येतेय."

ताईनं मान वळवली. तिनं हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, कापडाचा पोत बघावा तसा.

"तू इथे कशी?"

"मग सांगते. आधी ऊठ. ती पाच मिनिटंच थांबते."

मोजपट्टीनं ताईची पिशवी घेतली, तिचा हात धरला, आणि शेडमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बोट आत्ता येतेय, चला खाली. लोक हलले नाहीत. बगळा तर समोर दिसत होता. तेव्हा ती म्हणाली, "बगळा चुकलाय. मी चुकवलाय. चला." ती संस्थेची बाई आहे हे कुणाला माहीत नव्हतं, पण तिचा आवाज ऐकून एक उठला, मग दुसरा, आणि सगळे चढावरून धुक्यात उतरू लागले. खाली धक्क्यावर बोट होती, दोराला बांधलेली, फळी टाकलेली. वरून कप्तान बघत होता. एवढी माणसं एकदम धुक्यातून बाहेर पडताना बघून त्यानं भोंग्यावरचा हात मागे घेतला.

बोट वळसा घेऊन शहराकडे निघाली. दोघी आतल्या बाकावर बसल्या. मोजपट्टीनं सगळं सांगितलं, नियमावली, पान सतरा, रंगारीकाका काय म्हणाले आणि आपण काय उत्तर दिलं. काही लपवलं नाही. ताई ऐकत होती. बाहेर सगळं पांढरं होतं, बोट जागच्या जागीच थरथरत असावी असं वाटत होतं.

"म्हणजे गुरुवारी तूच मला परत पाठवलंस," ताई म्हणाली.

"हो."

"आणि मग धक्क्यावर बसून माझ्यावर रुसलीस."

"हो."

ताईला हसू आलं, पण ते लगेच विरलं. ती शालीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुला कधी सांगितलं नाही मी. पाटीवरची अक्षरं मी काढली होती, रंग आईनं भरला होता. शेवटी जागा उरली नाही, मी म्हणाले, पुसून परत काढू. तर आई म्हणाली, राहू दे, जागा नाही तर वाकून बसतील बापडी. तिनंच ते 'तील' खाली उतरवलं. स्टुलावर बसून, जीभ बाहेर काढून. तेवढंच होतं गं माझ्याकडे तिच्या हातचं."

मोजपट्टी पाण्याकडे बघत राहिली. पाणी दिसत नव्हतं, तरी बघत राहिली. पाटी घासताना त्या खाली उतरलेल्या अक्षरांवर रंगाचा थर जाड होता, तिथे जास्त वेळ लागला होता, हे तिला आठवलं. मग ती म्हणाली, "मला सांगायचंस."

"तू विचारायचंस," ताई म्हणाली.

इंजिन चालत राहिलं. थोड्या वेळानं ताईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले, आणि मोजपट्टी न हलता बसली. खांद्याला रग लागली तरी हलली नाही.

डॉक्टरांनी डोळे तपासले. दोन्हींत मोतीबिंदू, उजव्या डोळ्यातला लगेच काढायला हवा, म्हणाले. एक आठवडा शहरातच राहा. ताई दुपारच्या बोटीनं परत गेली नाही.

त्याच आठवड्यात मोजपट्टी साहेबांसमोर उभी राहिली. तिनं रंग ठीक असल्याचं सांगितलं, आणि चूक सतराव्या पानात असल्याचं सांगितलं. साहेबांना ते पटेना. चव्वेचाळीस पानं छापून झाली होती. एक बगळा डावीकडे, एक उजवीकडे, मग आपला खरा कुठला, असं त्यांनी विचारलं. तिनं वाद घातला नाही. पुठ्ठ्याच्या फाइलवर दोन्ही बाजूंना बगळा चिकटवला, दोन्हींची तोंडं डावीकडे, आणि फाइल उभी धरून साहेबांच्या टेबलावरून सावकाश चालवत नेली. आधी एका दिशेनं, मग वळवून दुसऱ्या दिशेनं. साहेब बघत राहिले. मग म्हणाले, पुन्हा करा. तिनं पुन्हा केलं.

"ह्या बाजूनं तो पळून चाललाय," साहेब म्हणाले. "आपल्याच बोटीवरून."

मान्य झालं. फक्त त्याला अपवाद म्हणायचं नाही, पोटनियम म्हणायचं, अशी साहेबांची अट होती. कारण अपवाद म्हटलं की उद्या प्रत्येक जण आपला अपवाद घेऊन दारात उभा राहील. मोजपट्टीनं सतराव्या पानावर चिकटवायला एक पट्टी छापून घेतली: "बोटींवर चोच नेहमी बोटीच्या नाकाकडे असावी, दोन्ही अंगांवर." तिथले "कोणत्याही परिस्थितीत" हे शब्द तिनं काढून टाकले. कुणी सांगितलं नव्हतं. हाताशी असलेल्या तीनशे प्रतींवर तिनं स्वतः पट्ट्या चिकटवल्या, आणि चिकटवता चिकटवता तिच्या लक्षात आलं की आपण ह्या वेळी त्या मोजून लावत नाही.

आवारात जाऊन तिनं काकांची माफी मागितली. बेटाच्या बोटीवरचा बगळा बदलून झाला होता, आणि काका आता चौथ्या बोटीच्या उजव्या अंगावरचाही आधीच मिटवून नवा काढत बसले होते. कप्तानानं येऊन सांगितलं होतं म्हणे. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. बगळा मान वर करतो आहे, पंख उघडतो आहे, असं ते ब्रशच्या एकेका फटकाऱ्यानं होत गेलं. मग तिनं विचारलं, उरलेल्या सात बोटींवर काही बदलावंसं वाटतं का. काका ब्रश तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. पन्नास वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. विचार करून सांगतो, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच दोन गोष्टी सांगितल्या. त्यातली एक तिनं मान्य केली, दुसरीवर अजून त्यांचं भांडण चालू आहे.

ताईच्या डोळ्यावरची पट्टी आठव्या दिवशी निघाली. दवाखान्याची खोली उन्हानं भरली होती, पडदे हलत होते. डॉक्टरांनी डोळा पुसला, उघडायला सांगितलं. ताईनं आधी भिंत बघितली, मग स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले, मग खिडकीबाहेरचं झाड. झाडाला पानं इतकी वेगवेगळी असतात हे विसरलेच होते, म्हणाली. शेवटी ती बहिणीकडे वळली आणि निरखून बघत राहिली.

"काय गं," मोजपट्टीनं विचारलं.

"तू म्हातारी झालीस की."

"तू काय तरणीताठी राहिलीस?"

ताईनं आरसा मागितला. नर्सनं दिला. ताईनं त्यात बघितलं, एकदा डोळा मिटून उघडला, आणि आरसा उपडा ठेवून म्हणाली, चल, भूक लागलीय. दोघी बाहेर पडल्या. रस्ता दवाखान्यापासून घरापर्यंत वीस मिनिटांचा होता. त्यांना त्या दिवशी दोन तास लागले, कारण ताई प्रत्येक दुकानाच्या काचेसमोर थांबत होती, आतल्या कापडांची शिवण कशी आहे ते सांगत होती, आणि मोजपट्टी तिच्याबरोबर थांबत होती.